गहू-हरभऱ्याची पेरणी आणि पाखरांच्या पोटातलं विष

नागपूर जिल्ह्यात गव्हाची पेरणी सुरू झाली की वावरात बगळे, साळुंक्या, पारवे उतरतात. बगळा किडे टिपतो, पारवा मात्र थेट बियाणंच उचलतो. त्यावर थायोमेथॉक्झाम किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चोळलेलं असलं तर तेही पोटात जातं.

पाखरं पचवून टाकतात, असं आपण म्हणतो. ते अर्धं खरं आहे. यकृत हे विष फोडून पाण्यात विरघळण्याजोगं करतं, मूत्रपिंडं ते गाळतात आणि विष्ठेवाटे ते बाहेर पडतं. इमिडाक्लोप्रिड असं एक-दोन दिवसांत बरंचसं निघून जातं. पण तेवढ्यात पाखरू खाणंच सोडतं. कॅनडातल्या स्थलांतर करणाऱ्या चिमण्यांवरचा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात इमिडाक्लोप्रिडची जास्त मात्रा दिलेल्या चिमण्यांचं वजन 6 तासांत 6 टक्के घटलं आणि पुढचा प्रवास साडेतीन दिवस लांबला. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा धोबी पक्षीही असाच लांबचा प्रवासी.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या कीटकनाशकांची गोष्ट वेगळी. ही विषं निकामी करणारं एक विकर (एन्झाइम) पाखरांच्या रक्तात गाई-बैलांच्या मानाने फारच कमी असतं, त्यामुळे ती थेट मज्जातंतूंवर बसतात. डीडीटीसारखं जुनं विष तर शरीर चरबीत कोंबून ठेवतं. उपासात चरबी जळाली की ते पुन्हा रक्तात येतं. मादी त्यातलं काही अंड्याच्या बलकात सोडते, म्हणजे आईचं ओझं पिल्लावर.

तेव्हा धुऱ्याजवळ तिफण उचलताना सांडलेले दाणे लगेच मातीआड करा. खरी पंगत तिथेच बसते. चोळलेलं उरलेलं बियाणं उकिरड्यावर फेकू नका. कोंबड्याही तिथेच चरतात.

हरभऱ्यात घाटेअळीसाठी एकरी 20 पक्षीथांबे (पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणून काठ्या) लावतो, ते चांगलंच. पण त्याच वावरात जहाल औषध मारलं, तर आपणच पाखरांना विषाच्या ताटावर बोलावतो. फुलोऱ्याला आधी 5 टक्के निंबोळी अर्क किंवा घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) फवारा. ओळीच्या एका मीटरमागे एक-दोन अळ्या दिसू लागल्या तरच रासायनिक औषधाकडे वळा, आणि तेव्हा थांबे दोन-तीन दिवस उपटून ठेवा. औषधाने गळाठलेली अळी उचलायला कोतवाल पक्षी सगळ्यांत आधी येतो.