क्रूझची केबिन निवडताना वरचा-खालचा मजलाही बघा

बुकिंग करताना बहुतेक जण केबिनचा प्रकार आणि भाडं बघतात, नंबर मात्र येईल तो घेतात. झोपेचं खोबरं होतं ते इथे. कंपनीच्या साइटवरून जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा उघडा, आपली केबिन शोधा आणि त्याच जागी वरच्या आणि खालच्या डेकवर काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा खरखराट थेट डोक्यावर. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत धम्‌धम्.

बोट लागणाऱ्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. सी-सॉसारखंच आहे: टोकं वरखाली होतात, मधला भाग कमी हलतो. अगदी पुढे हेलकावे जास्त, शिवाय बंदरात शिरताना थ्रस्टरची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची घरघर. अगदी मागे इंजिनाची आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर.

नकाशावर दोन केबिनच्या मधे जोडणाऱ्या दाराची खूण असेल, तर शेजारचं बोलणं ऐकू येणार. कुटुंब मोठं असेल तर तीच सोय. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे बहुधा खिडकीसमोर लाइफबोट.

‘गॅरंटी’ भाडं स्वस्त असतं, पण त्यात नंबर कंपनी ठरवते आणि सहसा बदलून मिळत नाही. झोप सावध असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

डावी बाजू की उजवी? मुंबई-गोवा फेरीत जाताना किनारा डावीकडे, येताना उजवीकडे. त्यावर डोकं शिणवू नका.