परत वळण्याची सवय: दिवसभराच्या कामांत देवाच्या सान्निध्यात कसे राहावे

इंदूरला आमच्या गल्लीत सकाळी कचरागाडी गाणे वाजवीत येते, आणि ते गाणे दुरून कानी पडताच घरोघरची माणसे हातातले काम टाकून ओल्या व सुक्या कचऱ्याचे डबे घेऊन दाराशी येतात. बरीच वर्षे ते गाणे माझ्यासाठी धावपळीची सूचना होते: दिवस सुरू झाला, पोळ्या अजून व्हायच्या आहेत, शाळेला उशीर होणार. आता तेच गाणे ऐकले की डबा उचलण्याआधी मी मनात एवढेच म्हणते, ‘प्रभू, तू येथे आहेस.’ घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या श्रद्धावंताला चालू क्षणात देवाशी जोडलेले कसे राहता येईल, हे मला जसे उमगले तसे येथे सांगते.

अलीकडे कार्यालयांत आणि शाळांत ‘माइंडफुलनेस’ शिकवतात. शांत बसावे, श्वासाकडे लक्ष द्यावे, विचार येतील-जातील ते न्यायनिवाडा न करता पाहावेत, असे त्याचे साधारण स्वरूप असते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे मूळ बौद्ध साधनेत होते, मात्र त्याची मांडणी धर्मनिरपेक्ष ठेवलेली होती. त्याचा उपयोग होतो, आणि ख्रिस्ती माणसाने त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. तरीही आपली सुरुवात वेगळ्या जागेवरून होते. आपले लक्ष श्वासापाशी थांबत नाही, तर ज्याने तो श्वास दिला त्याच्याकडे वळते. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजतो, आणि जागा होतो तेव्हा म्हणतो की परमेश्वर या ठिकाणी होता, पण मला ते ठाऊक नव्हते. या साधनेने आपण देवाला कोठून बोलावून आणत नाही. तो जेथे आहे तेथे आपण हजर होतो.

पहिल्याच आठवड्यात बहुतेकांची निराशा होते, कारण अपेक्षा चुकीची असते. आपल्याला वाटते की मन अखंड देवापाशी राहिले पाहिजे. ते दोन मिनिटांत बाजारात, वीजबिलात किंवा कालच्या भांडणात जाते, आणि मग ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून आपण सोडून देतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. स्वभावतः न आवडणारे स्वयंपाकघराचे काम त्यांनी पुष्कळ वर्षे केले, पुढे मठातल्या लोकांच्या चपला दुरुस्त केल्या, आणि १६९१ मध्ये त्यांचे निधन झाले. काम करता करता देवाशी बोलत राहावे, एवढीच त्यांची रीत होती. विसर पडला की ते स्वतःला कोसत बसत नसत. चूक कबूल करून, क्षमा मागून पुन्हा देवाकडे वळत, आणि ही सवय अंगवळणी पडेपर्यंत आपल्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले हे त्यांनी लपवले नाही. मला या साधनेचे सारे मर्म त्या वळण्यात दिसते. दहा मिनिटांत मन वीस वेळा भरकटले आणि आपण वीस वेळा परत आलो, तर त्या दहा मिनिटांत वीस वेळा प्रार्थना झाली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाला दुरूनच पाहून धावत सुटतो. परत येणाऱ्याचे तेथे असे स्वागत होते.

मराठी कानांना हे परके वाटू नये. जात्यावर दळताना विठ्ठलाला सोबतीला घेणारी जनाबाई आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हात कामात आणि ओठांवर नाम, ही सवय आपल्या आजी-पणजींनी जपलेली आहे. आपण ती प्रभू येशूच्या नावाने पुढे न्यायची आहे.

आता प्रत्यक्ष सुरुवात. प्रथम एक छोटी प्रार्थना निवडावी आणि निदान महिनाभर ती बदलू नये. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये शतकानुशतके चालत आलेली प्रार्थना अशी आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तिची मुळे शुभवर्तमानातच आहेत; लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात ऊर बडवून घेणारा जकातदार आणि मार्कच्या दहाव्या अध्यायात रस्त्याच्या कडेला ओरडणारा आंधळा बार्तीमय हे दोघे जवळजवळ हेच मागतात. ही लांब वाटली तर स्तोत्रसंहितेतील सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभाची, देवाने साहाय्याला त्वरेने यावे अशी विनवणी घ्यावी. इजिप्तच्या वाळवंटातील संन्यासी ती ओळ दिवसभर कशी जपत, हे जॉन कॅसियन या ख्रिस्ती संन्यासी लेखकाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीस लिहून ठेवले आहे.

सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी पाठ ताठ ठेवून खुर्चीवर किंवा जमिनीवर बसावे. श्वास आत घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’ आणि बाहेर सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’ असे मनात म्हणावे. श्वास मोजू नये, रोखू नये किंवा मुद्दाम लांबवू नये. तो जसा चालला आहे तसा चालू द्यावा आणि शब्दांनी त्याच्या मागून जावे. हिब्रू भाषेत श्वास, वारा आणि आत्मा या तिन्हींसाठी ‘रूआख’ हा एकच शब्द आहे, ही गोष्ट मला कळली तेव्हापासून श्वासाबरोबर प्रार्थना जोडणे मला फार स्वाभाविक वाटू लागले. पाच मिनिटे पुरेत. मध्येच विचार आला तर त्याच्याशी झुंजू नये, त्यालाच प्रार्थनेत घ्यावे: ‘प्रभू, मुलाच्या फीची काळजी वाटते, ती तुझ्यापाशी ठेवते’, आणि पुन्हा आपल्या वाक्यावर यावे. डोळे मिटून शांत बसले की ज्यांची घबराट वाढते किंवा जुने आघात वर येतात, त्यांनी बसण्याचा हट्ट धरू नये. डोळे उघडे ठेवून अंगणात किंवा गच्चीवर चालत हीच प्रार्थना करावी, आणि त्रास टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. औषध घेणे हा विश्वासातला उणेपणा नाही.

येथे अनेक जण विचारतात, विशेषतः आमच्यासारख्या प्रोटेस्टंट घरांत वाढलेले, की प्रभूने व्यर्थ बडबड करू नका असे सांगितले आहे, मग तेच ते शब्द पुन्हा पुन्हा का म्हणायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पवित्र शास्त्रातच शोधले पाहिजे. मत्तयच्या सहाव्या अध्यायातला निषेध, पुष्कळ बोलण्यामुळे देव ऐकतो असे मानणाऱ्यांचा आहे. तेथे दोष व्यर्थतेचा आहे, पुन्हा म्हणण्याचा नाही. स्वतः प्रभूने गेथशेमाने बागेत तिसऱ्या वेळीही तेच शब्द उच्चारून प्रार्थना केल्याचे मत्तय नोंदवतो. एकशे छत्तिसाव्या स्तोत्राच्या सव्वीसच्या सव्वीस ओव्यांत देवाची दया सनातन असल्याचे पालुपद येते, आणि ते कोणालाही बडबड वाटत नाही. तरीही सावध राहावे. शब्द यंत्रासारखे चालू लागले आणि ज्याला ते म्हणायचे तोच डोळ्यांआड झाला असे जाणवले, तर सरळ थांबावे, दोन क्षण गप्प राहावे आणि मग एकदाच, पण त्याच्याकडे पाहून म्हणावे.

सकाळची ही पाच मिनिटे स्थिर झाली की दिवसातले एकच काम निवडावे. सगळी कामे एकदम देवाला वाहण्याचा संकल्प दुपारपर्यंत गळून पडतो. मी पोहे भिजवण्याचे काम निवडले. इंदूरच्या घरात पोहे रोजचेच, आणि त्यांना लक्ष लागते: पाणी जास्त झाले तर लगदा होतो, कमी पडले तर दाणा कोरडा राहतो. चाळणीत पोहे घेऊन त्यांवर पाणी ओतताना मी दुसरे काही करत नाही, रेडिओ लावत नाही, फोन घेत नाही. पाण्याचा गारवा, पोह्यांचा वास, बोटांखाली मऊ होत जाणारा दाणा हे सारे देणगी म्हणून घेते आणि देणाऱ्याचे आभार मानते. दोन मिनिटांचे काम आहे. पण जे हात त्या दोन मिनिटांत प्रार्थना करायला शिकले, ते पुढे कांदा चिरताना आणि वह्या तपासतानाही ती विसरेनासे झाले. येशूच्या पाहुणचारासाठी राबणारी मार्था आणि त्याच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरीया यांची गोष्ट सांगताना मार्थेच्या कामाला नावे ठेवण्याची आपल्याकडे खोड आहे. प्रभूने तिला सांगितले ते असे की ती पुष्कळ गोष्टींविषयी चिंता करते व दगदग करते. स्वयंपाक करू नकोस, असे तो म्हणाला नाही.

त्यानंतर दिवसात दोन-तीन खुणा ठरवाव्यात. कॅथलिक परंपरेत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी देवदूताच्या संदेशाची घंटा होते व माणसे हातातले काम क्षणभर थांबवतात. घंटा ऐकू येत नसेल तर शहर आपल्याला दुसऱ्या खुणा देते. पलासिया चौराह्यावर लाल दिवा लागला की स्कूटरवर बसल्या बसल्या एक वाक्य म्हणता येते. कोणाचा फोन वाजला की तो उचलण्याआधी पहिल्या रिंगला त्या माणसासाठी कृपा मागता येते. पवित्र शास्त्रातील नहेम्या हा पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार; त्याला राजाने ‘तुला काय पाहिजे?’ असे विचारले तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या इवल्याशा जागेत त्याने स्वर्गातील देवाची प्रार्थना केली; ती प्रार्थना एका श्वासाहून लांब असणे शक्यच नाही. रागावून उत्तर देण्याची वेळ आली की मला नहेम्या आठवतो, आणि कधी कधी वेळेवर आठवतो.

सर्वांत अवघड क्षण संकटाचा असतो, कारण तेव्हा मन हमखास उद्यात पळते. वडील आजारी असताना इस्पितळाच्या बाकावर बसून मी तपासणीचा निकाल येण्याआधीच त्यांचे पुढचे सहा महिने, खर्च, शस्त्रक्रिया आणि शेवट, सारे जगून घेतले होते. त्या रात्री प्रार्थना सुचेना, तेव्हा पाठ असलेली एकच ओळ आली: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ तिच्यातला ‘आज’ मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आला. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळे तो त्या दिवसापुरता; शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा वेचा सोडला तर दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवलेल्या मान्नात किडे पडत. कृपाही तशीच येते. उद्याच्या दुःखाला लागणारे बळ आज हाती नसते, म्हणून उद्याची कल्पना इतकी असह्य होते. अशा वेळी स्वतःला विचारावे: या घटकेला माझ्यासमोर नेमके काय आहे? वडिलांना पाणी हवे आहे, पांघरूण सरकले आहे, नर्सला एक प्रश्न विचारायचा आहे. ते करावे, आणि करताना आपले वाक्य म्हणावे. उद्याची व्यवस्था करूच नये असा याचा अर्थ नाही. अर्ज भरणे, पैशांची जुळवाजुळव करणे हेही आजचेच काम असू शकते. पण केलेली व्यवस्था आणि उगाळलेली चिंता यांतला फरक आपला आपल्याला कळतो.

रात्री निजण्याआधी दहा मिनिटे दिवसाकडे वळून पाहावे. सोळाव्या शतकात येशू संघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी या परीक्षणाला फार महत्त्व दिले आणि ते दुपारीही करावे असे सांगितले. आपल्याला रात्रीचे साधले तरी पुष्कळ आहे. आरंभ आभारांनी करावा, आणि ‘सगळ्याबद्दल आभार’ असे घाऊक न म्हणता एखादी खरी गोष्ट घ्यावी, जसे शेजारच्या काकूंनी आणून दिलेली आमटी. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागून दिवस सकाळपासून क्रमाने पाहावा: देव कोठे जवळ जाणवला, कोठे मी पाठ फिरवली, कोणाशी कठोर बोलले. जे चुकले त्याची क्षमा मागावी, कोणाला उद्या फोन करून माफी मागायची असेल तर तसे ठरवावे, आणि उद्यासाठी कृपा मागून दिवा मालवावा. आम्ही इंदूरकर ओला-सुका वेगळा करायला शिकलो तसेच हे आहे. डब्यात सगळे एकत्र कोंबून झाकण लावले की दुसऱ्या दिवशी दुर्गंधी येते.

काही आठवडे असेही जातील की काहीच जाणवणार नाही, आणि वाक्य जिभेवर लाकडासारखे वाटेल. तेव्हा रीत बदलू नये, वेळही वाढवू नये. कोणा विश्वासू मित्राला किंवा पाळकांना हे मोकळेपणाने सांगावे आणि त्यांनाही आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगावे. पूर्ण वाक्य म्हणवेनासे झाले तर नुसते ‘प्रभू येशू’ म्हणावे, आणि तेही जमत नसेल तर हात उघडे ठेवून पाच मिनिटे तेथेच बसून राहावे.