सोलापूरकर पणजोबांची जन्मनोंद कशी शोधावी

परदेशातल्या कुणी जनगणनेच्या कागदांत खापरपणजोबा शोधून काढले हे ऐकून आपल्याकडेही लोक जनगणनेपासूनच सुरुवात करायला निघतात. ब्रिटनमध्ये १९२१ची घरनिहाय पानं कुणालाही पाहता येतात. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ आडवं येतं. व्यक्तीची माहिती बघायला मिळत नाही. छापील जिल्हा जनगणना पुस्तिकांतून गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं, एवढं मात्र कळतं.

आणि ते कळायलाच हवं. सोलापूर, बार्शी, पंढरपूर इंग्रजी मुलखात, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान, मंगळवेढा सांगलीकरांकडे, तर तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. मुलूख बदलला की दप्तर बदलतं, कधी लिपीही: इकडे मोडी, तिकडे उर्दू.

दप्तरात जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोला. साल विचारू नका, प्रसंग विचारा. “मार्शल लॉत तात्या रांगत होते” असं आजी म्हणाली तर मार्शल लॉ मे १९३०चा, म्हणजे जन्म १९२९च्या आसपास. चार हुतात्म्यांची फाशी (१२ जानेवारी १९३१) आणि रझाकारांची धामधूम याही अशाच खुणा. दुसरा प्रश्न पणजीच्या माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे थोरल्या मुलाची नोंद पुष्कळदा आजोळच्या गावात निघते आणि आपण मात्र वडिलांच्या गावची वही उलटत बसतो.

आता कागद. अलीकडच्यापासून मागे जा. मृत्यूच्या दाखल्यावरचं वय अंदाजे असतं, पण शोधाला दहा-पंधरा वर्षांची चौकट मिळते. मग शाळेचं जनरल रजिस्टर. जन्मतारीख १ जून दिसली तर फार खूश होऊ नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. शेती असेल तर जुने फेरफार आणि वारसनोंदी काढा. नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असेल, तर त्या दिवशी तो वारस सज्ञान नव्हता. जन्मतारीख सांगत नसला तरी हा पुरावा चांगला.

खेड्यातल्या जन्माची खरी वही म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. गाव आणि वर्षांची चौकट लिहा. एक मेख लक्षात ठेवा: नोंद बारशाआधीची असेल, तर बाळाचं नाव नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. म्हणून बापाच्या नावाने शोधा आणि भावंडांचा क्रम जुळवून बघा. शहरातल्या जन्मासाठी महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. महापालिका १९६४ची, त्याआधीच्या नोंदी नगरपालिकेच्या काळातल्या. पानावर शक असेल तर इंग्रजी सालासाठी त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. निजामाच्या फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबर ५९०, पुढच्या महिन्यांना ५९१.

घराणं ख्रिस्ती असेल तर माझ्या मते हे सगळं दुसऱ्या नंबरावर. आधी चर्च गाठा. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासून. त्या परंपरेतली मंडळी पुढे मुख्यतः १९७०मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. कॅथलिक चर्चेस पुणे धर्मप्रांतात येतात. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात सहसा बाप्तिस्म्याची आणि जन्माची तारीख वेगवेगळी, आईबापांची नावं आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही असते. तान्ह्या बाळाची नोंद जन्मानंतर थोड्याच दिवसांत, आईबाप समोर असताना झालेली. शाळेच्या तारखेपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवावा. कॅथलिक रजिस्टरात समासही वाचा, लग्नाची नोंद कधीकधी तिथे सापडते.

पण पहिल्या पिढीचा बाप्तिस्मा मोठेपणीचा असतो. ती तारीख जन्माची समजून चालू नका. जन्मवर्ष वयावरून मोजलेलं असतं, तेही ठोकळ. १८९९-१९००च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमांत आलेल्या मुलांचं वय तर बहुधा नजरेनेच ठरवलेलं. कुटुंबात ती कहाणी असेल तर रजिस्टरात आईबापांचा रकाना रिकामा दिसला तरी शोध थांबवू नका, अनाथाश्रमाच्या नोंदींची चौकशी करा. मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२पासूनचं. त्याच्या जुन्या अंकांतल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, बातम्याही चाळा.

पाळकसाहेबांना आधी पत्र द्या: पूर्वजाचं नाव, वडिलांचं नाव, वर्षांची चौकट, तुमचं नातं. रविवारी उपासना संपल्यावर गर्दीत धरू नका, मधल्या वारी वेळ मागा. इंग्रजी सूच्यांत गाव ‘शोलापूर’ म्हणून शोधा. युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन पूर्वज असेल तर मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

हेळव्यांच्या (गावोगाव फिरून वंशावळ सांगणाऱ्यांच्या) आणि पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या, वह्यांत पिढ्या मिळतात, जन्मतारखा क्वचितच.

शेवटी दोन तारखा हमखास भांडतील. एक खोडू नका. प्रत्येकीपुढे कागद कोणत्या साली लिहिला आणि माहिती कुणी दिली ते टिपा. जन्माच्या जास्त जवळ लिहिलेली तारीख धरा. परवानगी असेल तर फोटो पूर्ण पानाचा घ्या, वरच्या मथळ्यासकट; नुसत्या ओळीच्या फोटोवरून पुढे रजिस्टर कोणतं हेच सांगता येत नाही.