विंडोज ११ वर गेल्यावर बॅकअप रखडतोय? हार्ड डिस्क बदलण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि मुंबईतली छोटी ऑफिसं घाईघाईने विंडोज ११ वर गेली. सीए, दवाखाने, सोसायट्यांची कार्यालयं, सगळ्यांची तक्रार एकच: "आधी तासाभरात व्हायचा बॅकअप, आता सकाळी येऊन बघतो तरी चालूच!" त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. फॉरमॅट मारा, नवी डिस्क घ्या, अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर कुठलं तरी फुकट 'बूस्टर' टाका. यातलं शेवटचं तर कधीच करू नका. बाकीच्यांचीही बहुतेक वेळा गरज पडत नाही.

पहिला बॅकअप पूर्ण होऊ द्या. अपग्रेडमध्ये सिस्टीमच्या जवळजवळ सगळ्या फायली बदलतात. त्यामुळे 'फक्त बदललेलं घ्या' असं सांगितलेला प्रोग्रामही या वेळी सिस्टीमचं जवळपास सगळंच नव्याने घेतो. त्यात सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचा जुन्या विंडोजचा फोल्डर असतो, तोही कित्येक जीबींचा. तो बॅकअपमधून वगळा. साधारण १० दिवसांनी विंडोज तो स्वतःच काढून टाकतं. याच काळात सर्चचं इंडेक्सिंगही, म्हणजे फायली शोधण्यासाठीची यादी बनवणं, नव्याने चालू असतं. म्हणून पहिल्या बॅकअपवरून काही ठरवू नका, दुसऱ्या-तिसऱ्याचा वेळ बघा.

मशीन रात्रभर चालू ठेवायचं असेल तर स्लीप 'नेव्हर' करा. आणि ऑफिसात शेवटी निघणाऱ्याला सांगून ठेवा. आपल्याकडे कुलूप लावताना मेन स्विच पाडून जायची पद्धत आहे, आणि अर्ध्यावर तुटलेला बॅकअप बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

केबल आणि पोर्ट. पोर्टेबल डिस्कचं सॉकेट रुंद, दोन भागांचं असेल तर त्याच्या मोठ्या भागात मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबलही बसते. डिस्क चालतेसुद्धा, पण यूएसबी २ च्या वेगाने. म्हणजे सेकंदाला ३०-४० एमबी, जिथे तीच डिस्क योग्य केबलवर शंभरच्या आसपास देते. एक टीबीचा हिशेब केला तर अडीच-तीन तासांच्या जागी आठ तास. योग्य केबल लॅमिंग्टन रोडला कुठेही मिळेल. ती लावा, डिस्क निळ्या पोर्टात घाला, मध्ये हब नको.

दोन कॉपी करून बघा. तीन-चार जीबीची एकच मोठी फाइल त्या डिस्कवर कॉपी करा. मग हजारो लहान फायलींचा एखादा फोल्डर कॉपी करा. मोठी फाइल सुरुवातीपासूनच रडतखडत गेली तर दोष केबल, पोर्ट किंवा डिस्कचा. मोठी झरझर गेली आणि लहान फायलींवर गाडी अडली, तर काही अंशी ते साहजिक आहे आणि उरलेलं विंडोजच्याच अँटिव्हायरसचं, म्हणजे डिफेंडरचं काम, त्याबद्दल खाली लिहिलंय. दोन्ही व्यवस्थित गेल्या आणि बॅकअप तरीही रांगतोय, तर पुढचा भाग नीट वाचा. मला सगळ्यात जास्त छळलंय ते याच प्रकाराने.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवायची सोय: फाइल दिसते, पण मशीनवर नसते. अपग्रेडनंतरच्या सेटअपमध्ये 'तुमचे फोल्डर सुरक्षित ठेवू का' अशा अर्थाची स्क्रीन येते. माणूस 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो. मग डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर गुपचूप वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात. दिसायला सगळं जागच्या जागी, पण पत्ता बदललेला. पुढे जागा वाचवण्यासाठी काही फायली फक्त क्लाउडवर राहतात आणि मशीनवर उरतं नुसतं नाव. डबा दुकानात मांडलेला, माल गोदामात.

आता बॅकअपचा प्रोग्राम या फायली वाचायला जातो, तेव्हा प्रत्येक फाइल आधी इंटरनेटवरून खाली उतरते आणि मग डिस्कवर लिहिली जाते. म्हणजे तुमच्या बॅकअपचा वेग आता डिस्कचा नाही, ब्रॉडबँडचा. १०० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी, आणि ऑफिसातले बाकीचे लोकही त्यावरच बसलेले.

ओळखायचं कसं? बॅकअप चालू असताना टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये वायफाय किंवा इथरनेटचा आलेख बघा. बॅकअप यूएसबी डिस्कवर चाललाय, मग नेटचा आलेख वर का? तो खालीवर नाचत असेल तर शंका उरत नाही. शिवाय डेस्कटॉपवरच्या एखाद्या जुन्या, मोठ्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'साइज' समोर ८०० एमबी आणि खाली 'साइज ऑन डिस्क' समोर शून्य दिसलं, तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये तिच्यापुढे ढगाचं चिन्हही दिसेल.

यापेक्षा वाईट म्हणजे बॅकअप संथ न होता अचानक वेगवान होणं. बॅकअपच्या कामात जुन्या डेस्कटॉपचा पत्ता दिलेला असेल तर प्रोग्राम तो रिकामा फोल्डर इमानदारीने कॉपी करतो आणि हिरवी खूण दाखवतो. अख्ख्या ड्राइव्हची इमेज घेणारे प्रोग्रामही क्लाउडवरच्या फाइलचं नुसतं नावच उचलतात. काही प्रोग्राम अशा फायली सरळ वगळतात. तेव्हा अपग्रेडनंतर बॅकअप लवकर संपायला लागला म्हणून खूश होऊ नका, उघडून बघा.

दुरुस्ती करताना क्रम पाळा, कारण इथेच लोक फायली घालवून बसतात.

आधी सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे का बघा. मग वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा. सगळ्या फायली खाली उतरेपर्यंत थांबा. भरीव हिरव्या गोलात पांढरी बरोबरची खूण आली की फाइल मशीनवर आली, आणि आता आपोआप क्लाउडवर परत जाणार नाही. ढग दिसतोय तोवर पुढे जायचं नाही.

मग ठरवा, वनड्राइव्ह ठेवायचं की नाही. ठेवायचं असेल तर बॅकअपच्या कामात नवा पत्ता द्या, म्हणजे तुमच्या युजर फोल्डरातल्या वनड्राइव्हच्या आतला डेस्कटॉप. विषय संपला. नको असेल तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', त्यात 'मॅनेज बॅकअप', आणि एकेक फोल्डर बंद करा. काही आवृत्त्या फायली कुठे ठेवायच्या ते विचारतात. विचारलं नाही तर फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहतात आणि डेस्कटॉप एकदम मोकळा दिसतो. घाबरायचं कारण नाही. वनड्राइव्हचा फोल्डर उघडा आणि तिथून फायली मूळ जागी कॉपी करा. कॉपीच करा, कट-पेस्ट नको. आणि 'ही तर जादाची प्रत' असं समजून वनड्राइव्हमधलं काही डिलीट करू नका. ते सिंक आहे, एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. कुणी पुसलंच असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरचा रीसायकल बिन लगेच बघा, वैयक्तिक खात्यात तिथे ३० दिवस मिळतात.

एक मात्र ठामपणे सांगतो. वनड्राइव्ह चालू आहे म्हणून यूएसबीचा बॅकअप बंद करणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. ज्या अकाउंटंटच्या मशीनवर रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस घुसतो, त्याच्या सिंक झालेल्या फायलीही त्याच झटक्यात बदलतात.

डिफेंडर. बंद करू नका. बॅकअप प्रोग्रामची एक्झी फाइल एक्स्क्लूजन्समध्ये 'प्रोसेस' म्हणून टाका. अख्खा डी ड्राइव्ह वगळा सांगणाऱ्याचं ऐकू नका. टॅलीचा डेटा असेल तर बॅकअपच्या वेळी टॅली बंद असू द्या.

डिस्कची पॉलिसी. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्हज, तुमची डिस्क, पॉलिसीज. तिथे 'क्विक रिमूव्हल' असेल तर 'बेटर परफॉर्मन्स' करून बघा. मात्र त्यानंतर डिस्क 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय उपटायची नाही.

नेटवर्कवरच्या स्टोरेजवर बॅकअप घेत असाल तर. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी सायनिंग (नेटवर्कवरून फायली देता-घेताना प्रत्येक संदेशाची सही तपासणं) सक्तीचं आहे आणि पासवर्डशिवायचं गेस्ट कनेक्शन चालत नाही. जुन्या, कमजोर प्रोसेसरच्या स्टोरेज बॉक्सवर सायनिंगमुळे वेग पडतो. व्हिडिओत सायनिंग बंद करायला शिकवतात, ते करू नका. बॉक्सचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बॅकअपसाठी वेगळा युजर आणि पासवर्ड बनवा, आणि वायफायऐवजी केबलने जोडा.

शेवटी डिस्क. मोठी फाइल सुरुवातीला जोरात जाते आणि काही जीबींनंतर वेग वीस-तीस एमबीवर कोसळतो, असं होत असेल तर डिस्क बहुधा एसएमआर प्रकारची, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणारी आहे. स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये हे सर्रास असतं. ती खराब नसते, तिला रात्रभराचा वेळ द्या. पण डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवत असेल, तर त्या डिस्कवर बॅकअप पुन्हा पुन्हा चालवून बघत बसू नका. तिच्यावर ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही एवढंच आधी दुसरीकडे उतरवा, मग नवी डिस्क आणा.