बॉबकॅटच्या (छोट्या स्किड स्टिअर लोडरच्या) टायरमध्ये हवा किती ठेवावी?

हवा सकाळी, मशीन चालू करण्याआधी मोजा. काम करून तापलेला टायर जास्त आकडा दाखवतो. कमाल आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो: १०-१६.५ मापाच्या, १० प्लाय (टायरच्या ताकदीचं माप) टायरला साधारण ७५ पाउंड (पीएसआय), १२-१६.५ मापाच्या, १० प्लाय टायरला ६५. मशीनच्या पुस्तकात त्या टायरसाठी आकडा दिला असेल, तर तोच धरा.

"ट्रॅक्टरची हवा शेतात उतरवतात, तशी याचीही उतरवा, पकड वाढते," हे ऐकूच नका. स्किड स्टिअर लोडरची चाकं वळत नाहीत. एका बाजूची पुढे, दुसऱ्या बाजूची मागे फिरली की मशीन जागच्या जागी गिरकी घेतं आणि चारही टायर आडवे घासतात. हवा कमी असली की त्या ओढीत टायर रिमवरून सुटतो. भरलेली बकेट वर असताना सुटला, तर मशीन कलंडायला वेळ लागत नाही. काँक्रीट आणि डांबरावर मी पूर्ण हवा ठेवतो. मऊ मातीत ५ ते १० पाउंड कमी, त्याखाली कधीच नाही.

खरी गोची पुढे-मागे. रिकाम्या मशीनचं बरंचसं वजन मागच्या चाकांवर असतं, म्हणून मागचे टायर दबलेले दिसतात. ते पाहून पंक्चरवाला मागे हवा वाढवतो. पण बकेट भरली की तेच वजन पुढे येतं, आणि कमी हवेचे पुढचे टायर चेपतात. शिवाय एका बाजूची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. एकाचा घेर कमी झाला की ते घासत ओढलं जातं: टायर झिजतो, चाकं फिरवणाऱ्या चेनवर ताण येतो. डोळ्यांवर जाऊ नका. गेज लावा, चारही टायर सारखे ठेवा. एकच नवा टायर टाकला असेल, तर घेर टेपने मोजा; त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरशी जुळलाच पाहिजे.

शंका असेल तर नक्षीवर आडवी खडूची रेघ मारून मशीन काँक्रीटवर सरळ थोडं पुढे न्या. रेघ फक्त मधे पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी.

भरताना रिमसमोर नाही, नक्षीच्या बाजूला उभे राहा, लांब नळी वापरा. रिमवरून सुटलेला टायर मात्र स्वतः भरू नका. मोठ्या टायरचं काम करणारा माणूस बोलवा.