वस्तीतलं एकटंच लेकरू मोठ्या शाळेत घातलंय? मग घरच्यांनी हे करा

आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यातल्या, खासगी शाळांच्या २५ टक्के फुकट जागांत) नंबर लागला की घरात पेढे वाटतात अन् वाटायलाच पाहिजे, पण खरं काम तिथून पुढं असतं आणि ते कोणी सांगत नाही. मी हे आमच्या केळापूर-झरीकडच्या लोकांसाठी लिहून राहिलो, जिथं कोलाम पोडावरचं, तांड्यावरचं, पारधी बेड्यावरचं नाहीतर गावाच्या कडेच्या वस्तीतलं एखादं लेकरू तालुक्याच्या इंग्लिश मिडीयमला जातं आणि अख्ख्या वर्गात त्याच्यासारखं दुसरं कोणीच नसतं. फॉर्म कसा भरायचा ते सेतूवाला सांगेल. वंचित घटकाला (एससी, एसटी, भटके-विमुक्त अशांना) जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही, दुर्बल घटकाला (बाकीच्या गरीब घरांना) १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो, एवढं डोक्यात ठेवा. आणि कोणी "आरटीई बंद झालं" म्हणून परत पाठवलं तर सांगा, २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना सूट दिली होती, पण तो बदल जुलैमध्ये मुंबई हायकोर्टानं रद्द केला.

आता मुद्द्याचं. जमेल तिथं एकट्याला पाठवू नका. फॉर्ममध्ये १० शाळा निवडता येतात, तर वस्तीतल्या दोन-तीन घरांनी एकत्र बसून त्याच शाळा टाका, लॉटरी आहे त्यामुळं गॅरंटी नाही पण एकाच वर्गात दोघं लागले तर अर्धं ओझं तिथंच कमी होते. एकट्यानं जाणं काय असतं हे अमेरिकेत लई वाईट रीतीनं दिसलं. तिथं १९५४ साली सुप्रीम कोर्टानं ब्राऊन केसमध्ये सांगितलं की काळ्या आणि गोऱ्या पोरांच्या वेगळ्या सरकारी शाळा चालणार नाहीत. मग १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात सेंट्रल हायस्कूलला ९ काळी मुलं जाणार होती, आदल्या रात्री निरोप फिरला की सकाळी एका ठिकाणी जमायचं आणि सोबत जायचं. त्यातल्या एलिझाबेथ एकफर्डच्या घरी फोन नव्हता. निरोप पोचलाच नाही, १५ वर्षांची पोरगी एकटी बसमधून उतरली, पुढं बंदूकवाले शिपाई आत जाऊ देईनात अन् भोवती शिव्या देणारा जमाव. पुढं कितीतरी वर्षं तिनं नैराश्य भोगलं आणि त्या दिवसाबद्दल लोकांसमोर बोलायला तिला खूप काळ लागला.

म्हणून शाळेचा जो व्हॉट्सअप ग्रुप असतो त्यात तुमचा नंबर आहे की नाही ते पहिल्याच आठवड्यात पाहा. साधा फोन असेल तर वस्तीतल्या स्मार्टफोनवाल्या पोराचा नंबर द्या आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडून विचारून घ्या, कारण "उद्या यलो डे आहे" हा मेसेज आला नाही की सगळे पिवळ्या कपड्यात अन् आपलं लेकरू एकटं युनिफॉर्ममध्ये उभं राहते. मोठ्या माणसाला ही किरकोळ गोष्ट वाटते, सहा वर्षांच्या पोराला ती वर्षानुवर्षं आठवते.

दुसरं म्हणजे डब्याकडं लक्ष ठेवा. घरी आल्यावर "आज काय शिकवलं" हा प्रश्न सोडून द्या, त्याला "काही नाही" हेच उत्तर मिळतं. विचारा, डबा कोणासोबत खाल्ला? बाजूला कोण बसलं होतं? बेड्यावरची एक दुसरीतली पोरगी मला माहीत आहे, डबा रोज रिकामा यायचा म्हणून माय निवांत होती, मग आजीनं पाहिलं की ती शाळेतून येता येता नाल्यापाशी भाकर-भाजी कुत्र्यायले टाकते. आजीनं विचारलं, "काहून वो, भूक नाही लागत का तुले?" तर म्हणे, "लागते, पण तिथं खाल्लं की सगळे डब्यात पाहतात." वर्गात कोणीतरी विचारलं होतं, तुम्ही घोरपड खाता का, आणि सगळे हसले होते. झालं एवढंच होतं, पण ती उपाशी राहत होती. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सला रूबी ब्रिजेस नावाची ६ वर्षांची मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली तेव्हा बाहेर एक बाई रोज तिला विष घालायची धमकी द्यायची, तर त्या पोरीनंही डबा खाणं सोडलं आणि सँडविचेस वर्गातल्या कपाटात लपवून ठेवले. मनातलं तोंडानं येत नाही, ते डब्यात दिसतं, सोमवारी सकाळी "पोटात दुखून राहिलं" म्हणण्यात दिसतं, अंथरूण ओलं होण्यात दिसतं. अशा वेळी रागावू नका आणि "लोकं काय म्हणतील ते सहन कर" हे तर बिलकुल म्हणू नका.

तिसरं, शाळेत एक माणूस शोधा. एकच पुरे. रूबीच्या वर्गातून गोऱ्या पालकांनी सगळी पोरं काढून घेतली तेव्हा बार्बरा हेन्री नावाच्या मॅडमनं वर्षभर त्या एकटीला शेजारी बसून शिकवलं, आणि रूबी मोठी झाल्यावरही त्या मॅडमचं नाव प्रेमानं घेते. आपल्याकडं पण अशा मॅडम, असे सर असतात, फक्त त्यांना माहीत पाहिजे की हे लेकरू एकटं आहे. तक्रार घेऊन जाऊ नका, पहिल्या महिन्यात नुसतं भेटायला जा, माय आणि बाप दोघं जा, मजुरी बुडते हे कळते पण एक दिवस जा. सांगा की घरी कोलामी बोलतो किंवा गोरमाटी किंवा वऱ्हाडी, त्यामुळं उत्तर द्यायला वेळ लागला तर त्याला येत नाही असं समजू नका. विनंती करा की बाकं दर आठवड्याला बदलत राहा, आणि शिष्यवृत्तीच्या कागदासाठी वर्गात जात ओरडून नावं घेऊ नका, पालकांना फोन करा. "आरटीईवाले उभे राहा" हे वाक्य वर्गात यायलाच नको. २५ टक्क्यांतल्या पोरांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळेत बसवता येत नाही हे नियमातच आहे.

घरातली भाषा तोडू नका, इंग्रजी यावी म्हणून माय लेकराशी बोलायचीच बंद झाली असं मी पाहिलं आहे आणि मला ते फार लागतं.

आजोबांना बोलतं करा. आपल्याकडं ही गोष्ट नवी नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत बसायला स्वतःचं तरट घेऊन जायचे, वेगळे बसायचे आणि शिपाई नसला की पाणी मिळायचं नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये हुकूम काढून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळ्यांना एकाच शाळेत घ्यायला लावलं. हे लेकराला सांगा, घाबरवायला नाही, तर चूक त्याच्यात नाही हे त्याला कळावं म्हणून. नाहीतर ते समजते की आपल्यातच काहीतरी खोट आहे.

आणि काही झालंच तर? आधी लेकराचं पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. मग वहीत तारीख, कोण, काय बोललं, कोणासमोर, हे सगळं लिहून ठेवा. वर्गशिक्षकाला तोंडी सांगा, ऐकलं नाही तर मुख्याध्यापकाला लेखी द्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्क्याची पोच घ्या, पोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं होते. सोबत एक-दोन जाणती माणसं न्या. त्याच्या वर गटशिक्षणाधिकारी आहे. आरटीई कायद्याच्या कलम १७ नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, १०९८ वर (मुलांच्या हेल्पलाइनला) फोन करता येतो, लेकरू अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि जातीवरून अपमान केला असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. लेकराला आधीच शिकवून ठेवा की कोणी चिडवलं तर हात उचलायचा नाही, तिथून निघून मॅडमकडं जायचं. लिटल रॉकच्या त्या ९ मुलांतल्या मिनीजीन ब्राऊननं सारख्या छळानंतर उलट उत्तर दिलं तर शाळेतून तिलाच काढलं.

ज्यांची पोरं आधीपासून त्या शाळेत आहेत त्यांच्यासाठीही एक सांगतो. तुमच्या पोराचं नुकसान होत नाही. रकर जॉन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या त्या काळच्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला, एकत्र शाळेत जास्त वर्षं शिकलेल्या काळ्या मुलांचं शिक्षण, कमाई आणि तब्येत चांगली निघाली, गरिबी कमी झाली, आणि गोऱ्या मुलांचं काहीही कमी झालं नाही. त्यातलं मोठं कारण म्हणजे त्या शाळांत पैसा होता आणि वर्गात गर्दी कमी होती. तर वाढदिवसाला त्या एका लेकरालाही बोलवा, आणि त्याच्या वस्तीत बोलावलं तर तुमच्या पोराला जाऊ द्या.

शेवटचं, आणि इथंच लोकं फसतात. आरटीईची फुकट शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फीचा कागद हातात येतो अन् आठ वर्षं तिथं रुळलेलं पोरगं एका उन्हाळ्यात बाहेर पडते, आणि त्याला वाटते की आपल्याला काढून टाकलं. म्हणून सातवीतच बोलायला लागा. सवलत मिळते का ते शाळेला लेखी विचारा, तालुक्याची अनुदानित शाळा त्याला सोबत नेऊन दाखवा, समाजकल्याण किंवा आदिवासी विभागाच्या वसतिगृहाची चौकशी करा, नवोदयला नववीतही रिकाम्या जागांसाठी परीक्षा असते तिचा फॉर्म आठवीत असतानाच भरावा लागतो. आणि कुठं जायचं हे ठरवताना त्याला समोर बसवून विचारा, कारण आठ वर्षं त्या वर्गात तो बसला आहे, आपण नाही.