डासांचं क्रीम सकाळीच लावा

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. आपण मात्र क्रीम लावतो ते रात्री झोपताना! मुलं शाळेला निघतानाच लावा. घोटे, पोटऱ्या, मानेची मागची बाजू हमखास सुटते. मोज्याच्या वरची बोटभर उघडी पट्टीसुद्धा. कपड्यांखाली लावायची गरज नाही. मुलांच्या चेहऱ्याला लावताना आधी आपल्या तळहातावर घ्या, डोळे आणि ओठ टाळा. त्यांच्या हातांच्या पंजांना नकोच, हात तोंडात जातात. सनस्क्रीन लावत असाल तर ते आधी, क्रीम नंतर. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट (DEET, डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं काहीही लावू नका. त्याला दिवसाही मच्छरदाणीतच झोपवा. घामाने क्रीम उतरतं, तेव्हा ट्यूबवर लिहिलेले तास बघून पुन्हा लावा.